एकविसावा मैल

तार नाही, तार नाही! बसा तुळसाबाई, उठू नका — तार नाही आणली मी, पहा, दोन्ही हात पहा, ही वही आहे, साधी शाळेतली वही, अन् ही शाईची डबी. खाकी बी नाही अंगात, बनियन अन् हाफपँट — असा कोणी तार घेऊन येते काय! काय करावं बावा, तेवीस वर्षं झाली ह्या नोकरीले, कोणाच्याही दारात उभा राहिलो का माणूस आधी पांढरंच पडते. उत्तरा बरी आहे ना? भिलाईलेच ना अजून जावई? पोटाचं ऑपरेशन होणार होतं म्हणे तिचं — होईन, सारं बरं होईन, काही येत नाही तार-बीर. घ्या ती दाभण हातात, शिवा तुम्ही आपलं पोतं. गोदामवाल्याचे किती पोते बाकी आहे आज? एवढे? मंग तं शिवाच, माह्यासाठी थांबू नका.

नाही, खाट नको. बसलो का पाय लाकडं होते, मंग उठवत नाही. मी असाच उभा राहतो, उभ्या उभ्या हलत राहतो, तुम्ही लक्ष देऊ नका. पाणी बी नको, पोटात डबडब करते. तं असं आहे पहा — मले एक मैल द्यायचा आहे तुमाले. विकत नाही वं माय, मैल का भाजी आहे! येत्या रविवारी धरमपेठेतून शर्यत निघून राहिली. मॅरेथॉन म्हणते तिले. सव्वीस मैल, पाच तासात. धरमपेठेतून निघायचं, ह्या तुमच्या वाडीवरून अमरावती रोडनं थेट गोंडखैरीच्या पलीकडे जायचं, अन् तिथून वापस. मी धावून राहिलो त्यात. हसा, सारेच हसते. शेहेचाळीस वर्षांचा तारवाला बळीराम, आयुष्य सायकलीच्या सीटवर गेलं, बुडाले घट्टे पडले, तो धावते म्हणे! तं ज्याले धावायचं त्यानं अशी वही करायची. एकेक मैल एकेका माणसाच्या नावावर. ज्याचा मैल मी धावलो त्यानं दहा रुपये द्यायचे — धावलो तरच. मधातच बसलो तं पुढच्या साऱ्या मैलांचे पैसे बुडाले. हे पहा — पहिला मैल वामनरावांचा, ते आमचे पीटी मास्तर, रिटायर झालेले, त्यांनीच ही शर्यत काढली. सातवा पानठेलेवाल्याचा. तेरावा एका हलवायाचा, तो रोज म्हणते, 'बळीराम, एक समोसा खा अन् मंग धाव,' अन् खाल्ला का म्हणते, 'आता कसा धावते पाहू!' सव्विसावा माह्या बायकोचा. तिनं सांगितलं, शेवटचा मीच घेणार, तुम्ही काही तिथपर्यंत पोचत नाही, माहे दहा रुपये सुखरूप. अशी बाई आहे!

पंचवीस भरले. एक कोरा आहे. हा पहा — एकविसावा. चारपाच जणांनी मागितला, मी खोटंच सांगितलं, गेला म्हटलं, आधीच गेला. तुमच्यासाठी ठेवला मी तो. काहून म्हणजे? सरळ गोष्ट आहे — वापस येतांना एकविसावा मैल तुमच्या ह्या दारापुढेच संपते. वामनरावांनी सायकलीच्या चाकाले दोरी बांधून रस्ता मोजला, मी सोबत होतो, बरोबर त्या तुमच्या कडुलिंबापाशी एकवीस आले. दारापुढचा मैल घरवालीचा. पैशाचं मनावर घेऊ नका, आठ आणे द्या, नाही दिले तरी चालते, मी भरीन. मले फक्त नाव पायजे. अंगठा पायजे. म्हणून तं शाई आणली. आता करता का? नाही, नाही, घाई नाही — घाई काहीच नाही — तो टाका पुरा करा आधी.

सोपं नाही पण धावणं, सांगून ठेवतो. पयल्या दिवशी निघालो तं शंभर पावलातच जीव नरड्यात आला. त्यात गंमत अशी का मले सारे ओळखते. तारवाला पळत येऊन राहिला म्हटल्यावर लोकांचा काय समज होईन? एका घरातली म्हातारी रडायलेच बसली! 'कोण गेलं गा, कोण गेलं सांग' — अन् मी धापा टाकून राहिलो, तोंडातून शब्द निघत नाही, मी आपला हात हलवतो, नाही नाही, तं तिले वाटलं का सांगायची हिंमत होत नाही ह्याची. अर्धी गल्ली जमा झाली. शेवटी वामनरावांनी सांगितलं, 'बळीराम, तू पहाटे धाव, अन् वाटेत लोकाईले हसून दाखवत जा.' आता मी हसत धावतो. कुत्रे मागे लागते, ट्रकवाले भोंगे मारते, डोळ्यात डिझेलचा धूर जाते, पाय ठणकते, अन् मी हसून राहिलो. येड्या भैताडावानी!

कायसाठी म्हणता? हाव, ते राहिलंच. शेडसाठी — पेशंटच्या लोकाईले निजाले टिनाची शेड बांधायची आहे ह्या पैशातून. मोठ्या दवाखान्याच्या मागं ते झाडं आहे ना, तिथं पेशंटचे नातेवाईक पडून राहते — भंडाऱ्याचे, चांद्याचे, कुठले कुठले. आत झोपू देत नाही, बाहेर जागा नाही. मागच्या हिवाळ्यात एक तार होती माह्याकडे, पत्ता काय तं — नाव, अन् पुढं 'दवाखान्याच्या मागच्या झाडाखाली'. दीडदोनशे माणूस पडलं होतं झाडाखाली. मी एकेकाले उठवून राहिलो, नाव पुकारून राहिलो. शेवटी सापडली बाई. बारदाना पांघरून बसली होती, तुम्ही शिवता तसाच बारदाना, थंडीनं काळीनिळी. मी म्हटलं, मावशी, गावाकडे जाऊन थोडं निजून काहून येत नाही? तं म्हणते, 'पोरगा आत आहे. मी गेले अन् त्यानं हाक मारली तं?' बस. तितकंच म्हणाली ती. मले तिथं उभं राहवेना. वामनरावांकडे गेलो, त्यांचं चाललंच होतं शर्यतीचं, मी म्हटलं मले घ्या. त्यांनी माह्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं अन् विचारलं, 'तुले काय झालं एकदम?' मी म्हटलं काही नाही. शेड झाली पायजे. माणसापाशी त्याचं माणूस असलं पायजे, बस.

तुम्ही शिवणं थांबवलं. नाही? मले वाटलं.

खरं सांगू काय — पायाची गोष्ट आहे. चार महिने झाले मले धावता धावता. दर आठवड्याले थोडं वाढवायचं म्हणते वामनराव, तसं वाढवलं. आता मी गोंडखैरीच्या पलीकडे जातो, वापस बी फिरतो, सोळा, सतरा, अठरा, काही होत नाही. पाय आपलेआप पडते. अन् ते तुमचं कडुलिंब दिसलं का — संपलं. गुडघ्यातून कोणी दोरी काढून घेतल्यावानी. सहा वेळा झालं असं, ह्याच जाग्यावर, तुमच्या दारापुढं मी उभा राहतो कमरेवर हात ठेवून, अन् मंग धरमपेठेपर्यंत पायी पायी जातो, नाही तं ट्रकवाल्याले हात दाखवतो. तुम्ही पाहिलं? सहाही वेळा पाहिलं? मले वाटलं तुम्ही आत असता. वामनराव म्हणते, वीस मैलानंतर साऱ्यायचंच असं होते, अंगातली साखर संपते, तू गुळाचा खडा ठेव तोंडात. ठेवला. गूळ संपला, पाय हलले नाही. गुळानं काय होते! मले माहीत आहे ना काय आहे ते. रविवारी बी मी इथंच बसणार, अन् पाच मैलांचे पैसे जाणार, बायको म्हणणार, पहा, मी म्हटलं होतं — पैशाचं एक वेळ जाऊ द्या. पण पन्नासदा मनात येते, एवढा एक मैल जर तुमच्या नावाचा झाला, तुमचा अंगठा असला वहीत, तं कदाचित पाय उचलतीन. म्हणून आलो. लावा ना अंगठा. इथं. ह्या रेघेवर.

हा? हा दुपट्टा होय. घाम पुसाले. बायकोनं दिला. म्हणजे — घरात होता. पेटीत होता कितीक वर्षं, लाल काठ आहे, जुना आहे, असे तं बर्डीच्या बाजारात ठेल्यावर ढिगानं मिळते, लग्नाकार्यात वाटते लोकं... नका वं माय असं हातात घेऊन पाहू, घामाचा वास येते त्याले. ती कोपऱ्यातली सुताची फुली? ती असंन कोणाची तरी खूण. तुम्ही — तुम्ही काढली होती? साऱ्यावर? दोनशे दुपट्ट्यांवर तुम्ही स्वतः फुल्या काढल्या होत्या? का आहेराच्या घोळात कोणी बदलू नये म्हणून.

मले माहीत नव्हतं. मले फुलीचं माहीत नव्हतं.

हाव. तुमच्याच घरचा. उत्तराच्या मांडवातला. बायकोनं नाही दिला, तुम्हीच दिला, तुमच्या हातानं, अकरा वर्षं झाली. मी मुद्दाम आज गळ्यात टाकून आलो अन् वर खोटं बोललो. चोराच्या मनात चांदणं म्हणते ते हेच. थांबा. सांगतो. मी सांगायलेच आलो होतो, मैल-बील सारं नंतरचं, पण तुम्ही असं पाहू नका माह्याकडे, तुम्ही पोत्याकडे पहा, शिवत राहा, म्हणजे मले बोलता येईन.

मांडवाचा दिवस होता. हळद लागली होती पोरीले. मी सायकलनं आलो बारा वाजता, उन्हातून, अन् मांडवात शिरलो तं केवढा गलका झाला! 'तारवाला आला, तारवाला आला!' लग्नघरी तारवाला आला म्हणजे काय, आनंदाचीच तार, लोकाईले आवडते ते. तुमचे मालक, मारोतराव, तेव्हा होते. ते पुढं आले, डोक्यावर पागोटं, डोळे भरलेले, म्हणे, 'ये गा बळीराम, कोणाची आहे, वाच सगळ्याईपुढं.' मी दोन तारा काढल्या. फुलाफुलांच्या कागदाच्या. एक अमरावतीच्या मामाची, एक मारोतरावांच्या सेठची. मोठ्यानं वाचून दाखवल्या, बायका हसल्या. तुम्ही अंगठा लावला होता पावतीवर — आठवते? शाई लावायच्या आधीच लावला तुम्ही, अन् बोटाले हळद होती तुमच्या, तं पिवळाच अंगठा उमटला. तुम्ही म्हणाल्या, 'राहू दे, शुभ आहे.' मले जेवाले बसवलं. बुंदी वाढली दोनदा. उठतांना हा दुपट्टा टाकला खांद्यावर अन् म्हणाल्या, 'माहा मधुकर बी उद्यापर्यंत येते, रायपूरले माल खाली करून. त्याच्या बहिणीचं लग्न आहे, नवरदेवाचा कान त्यालेच पिळायचा आहे.'

अन् माह्या झोळीत तिसरी तार होती.

नाही, ऐका. तुम्ही आता मधात बोलू नका, एकदा बोलू द्या. साधा कागद, फुलं नाही. तारघरातल्या बाबूनं देतांनाच सांगितलं होतं, 'बळीराम, ही वाडीची सीरियस आहे, आधी हीच दे.' मधुकर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली, नत्थू — मधुकरसंगतचा ट्रकवाला. आता तुम्ही मले सांगा, बारा वर्षांची नोकरी होती तेव्हा माही — 'मेला' अशा तारा मी किती वाटल्या असतीन? बोटावर मोजाव्या एवढ्या. कोणी लिहीतच नाही तसं. माणूस गेलं तरी सीरियसच लिहिते, का घरच्याईनं निदान गाडीत तरी चढावं, वाटेत हातपाय गळू नये. सीरियस म्हणजे गेला, हे देणाऱ्याले माहीत, घेणाऱ्याले माहीत, साऱ्या नागपूरले माहीत. मी बी तसंच धरलं. मधुकर गेला. झालं ते झालं. आता हा कागद आता दिला काय अन् उद्या दिला काय, पोरगं थोडंच उठून बसते? पण आता दिला तं सुतक पडते, लग्न मोडते, हळद लागलेली पोरगी मांडवात बसून राहते, अन् नवरदेवाकडचे म्हणतीन, हळद लागताच भाऊ खाल्ला हिनं. कोण करतं मंग तिले? तिचं काय झालं असतं? मी पोरीकडे पाहिलं. सोळा-सतरा वर्षांची असंन. हातभर पिवळी. हसून राहिली होती.

ठेवली मी तार झोळीतच. पुण्याचं काम करून राहिलो असं वाटलं मले. खरं सांगतो, तुमच्या घरची बुंदी पोटात, अन् सायकल मारतांना मले वाटून राहिलं का आज बळीरामनं एका पोरीचं आयुष्य वाचवलं. तारघरात जाऊन पावतीवर लिहिलं — दार बंद होतं. दोनशे माणूस मांडवात, सनई वाजून राहिली, अन् मी लिहितो दार बंद. बाबूनं पाहिलं बी नाही. दुसऱ्या दिवशी लग्नाले आलो, दूर उभा राहिलो, त्या तिथं, कडुलिंबाखाली. कान पिळाले भाऊ नव्हता तं कोण्या चुलतभावाले पुढं केलं. तुम्ही दोनदा रस्त्यावर येऊन पाहिलं, ट्रक दिसते काय म्हणून. वरात गेली संध्याकाळी. गाड्या दिसेनाशा झाल्या तसा मी पुढं आलो अन् तार दिली. मारोतरावांनी विचारलं, आता गाडी आहे काय. रायपूरची गाडी निघून गेली होती तोपर्यंत. अन् सकाळी तुम्ही निघणार तं नत्थूचा ट्रकच आला आंगणात, मधुकरले घेऊन.

मी होतो तिथं. अंगठा घ्याले नाही, असाच आलो होतो, साऱ्यांसारखा. नत्थू रडत रडत सांगून राहिला होता. का अपघात परवा सकाळी झाला. का पोटाले मार होता पण बोलून राहिला होता. का डॉक्टरनं सांगितलं घरच्याईले बोलवा. का तो काल दुपारी चार वाजेपर्यंत शुद्धीत होता — चार वाजेपर्यंत! — अन् गाडीची वेळ झाली का दाराकडे पाहून राहिला होता अन् विचारून राहिला होता, 'माय आली काय?' मी आंगणात उभा होतो अन् माह्या अंगातलं रक्त पायातून जमिनीत गेलं. तो मेला नव्हता. मी झोळीत ठेवली तेव्हा तो मेला नव्हता. सीरियस म्हणजे सीरियसच होतं, त्या एकाच वेळी. तुम्ही त्या संध्याकाळच्या गाडीत बसल्या असत्या तं सकाळी रायपूर. सकाळपासून चार वाजेपर्यंत तुमच्यापाशी असता तो. मी खाल्ला तो दिवस. बुंदीसंगं खाल्ला.

शिव्या द्या. अकरा वर्षं मी ह्या गल्लीतून तारा नेल्या, तुमच्या दारापुढं आलो का पायडल जोरानं मारत जाय. मारोतराव गेले तेव्हा बी आलो नाही. सायकलीवर बसून निघून जाता येते हो. धावतांना नाही जाता येत, धावतांना माणूस आपल्याच पायावर असते.

कुठं चालल्या? तुळसाबाई — आत काहून... काठी आणता काय? आणा, आणा काठी. मी हलत नाही. घ्या, आता पाय बी हलवत नाही. हे पोतं अर्धं राहिलं, सुतळी तशीच लोंबून राहिली.

हे काय आहे? डब्बा. काय आहे ह्याच्यात — हे — ही तीच आहे? ठेवली तुम्ही? घडीवर फाटली. काय वाचू, तुमाले माहीत आहे काय लिहिलं ते, मीच वाचून दाखवली होती त्या दिवशी. मधुकर सीरियस — ते नाही? वरचं? कोपऱ्यातलं वाचू? ते काही नाही वं माय, ते तारघराचं असते, तार कधी आली ते... कधी कोणी वाचलं नाही तुमाले हे? उत्तरानं बी नाही? हाव, कोण वाचणार, ज्यानं त्यानं नावच वाचलं असंन. वाचतो. थांबा. सतरा तारीख. अकरा वाजून वीस मिनिटं. सकाळचे. सतरा म्हणजे मांडवाचा दिवस, हाव. तुमच्या हाती दिली ती अठराले. रात्री आठ वाजता. आठच होते, मले माहीत आहे, समोरच्या गोदामाचा चौकीदार ड्युटीवर आला होता. किती तास? मोजून सांगू? ते कशाले आता... सांगतो. अकरा वीसपासून दुसऱ्या दिवशीचे अकरा वीस, चोवीस. पुढं आठ तास चाळीस मिनिटं. बत्तीस तास चाळीस मिनिटं. अंतर? तारघरापासून तुमच्या दारापर्यंत? सहा मैल. सायकलनं पाऊण तास लागते. हाव. सहा मैलाले बत्तीस तास. अन् मी तुमाले सांगून राहिलो का सव्वीस मैल पाच तासात धावतो. हाव माय. खरं आहे.

द्या, घडी मी करून देतो. नाही? बरं.

वही मिटू म्हणता? अंगठा नाही. मधुकरचं नाव लिहू काय मंग, त्याच्या नावानं धावतो, मी भरतो पैसे — नाही. नाही लिहीत. त्याचं नाव नाही लिहीत, चुकलं माहं. कोराच राहू देतो.

काय म्हणाल्या? पुन्हा सांगा, हळू बोलल्या तुम्ही. थांबू नको. कुठं — इथं? दारात? माहं ऐका, मी काही — हाव. तारवाला दारात उभा राहिला का तुमच्या छातीत धस्स होते. उत्तराचं ऑपरेशन आहे. सहा वेळा. मी इथं कमरेवर हात ठेवून दम खाऊन राहिलो अन् तुम्ही आत दाभण धरून बसल्या, का आता हा हाक मारते, आता कागद काढते. सहाही वेळा. अन् मी आपल्या पायाचं रडगाणं सांगून राहिलो तुमाले! मले समजलंच नाही. तेवीस वर्षं तारा वाटून मले एवढं समजलं नाही.

नाही थांबत. रविवारी बी नाही, कधीच नाही. पाय गळाले तरी नाही, सरपटत जाईन पण तुमच्या दारापुढं नाही. इकडे मान बी वळवत नाही. उत्तराची तार आलीच कधी तं मी आणणार नाही, दुसऱ्याजवळ देईन, त्याच घडीले देईन — नाही येत, नाही येत तार, तोंड जळो माहं. दुपट्टा? हा ठेवू? घ्या. घामाचा आहे. त्या खाटेवर टाकतो. शाईच्या डबीचं झाकण कुठं गेलं — राहू द्या, असू द्या. दार लावता तं लावा. निघालो, बाई. हा पहा, निघालो.